सैकल: घरातल्या जुन्या तलवारीचं काय करायचं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईला आली. त्याच वर्षी २९ एप्रिलला सोथबीजच्या लिलावात ती निघाली होती. राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत तिचं प्रदर्शन भरलं, भाषणं झाली, फोटो निघाले. सगळं रास्तच होतं. रघुजींच्या घराण्याची जुनी जहागीर यवतमाळ जिल्ह्यातल्या भामची, म्हणजे माणूस आपल्याकडचाच.

पण त्या तलवारीबद्दल मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तिच्या पाठीवर सोन्यात लिहिलेली एक ओळ. ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. देवनागरीत आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे कुठलाही शब्द दिसला की त्याचं घराणं शोधायची खोड आहे. श्रीमंत संस्कृत. सेना संस्कृत. साहेब अरबी. सुभा अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्या महसुलात. फिरंग म्हणजे फ्रँक लोकांचा मुलूख, युरोप. हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि इथे युरोपी पात्याच्या तलवारीचं नावच होऊन बसला. पातं युरोपातलं, त्यावरची सोन्याची कोफ्तगिरी इथल्या धाटणीची, मालक मराठा सरदार, किताब छत्रपती शाहूंच्या दरबाराचा. मुठीला हिरवं कापड गुंडाळलेलं आहे, असंही त्यावेळच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे हातभर लांबीच्या एका वस्तूत अठराव्या शतकाचा अख्खा बाजार भरला आहे.

आता कल्पना करा, ही तलवार लंडनला न जाता आपल्याकडच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर राहिली असती आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणी उत्साही नातवाने ती ‘चमकवायला’ नेली असती. ग्राइंडरखाली ती सोन्याची ओळ किती वेळ टिकली असती? मिनिटभरही नाही.

रघुजींच्या तलवारीची काळजी घ्यायला आता सरकार आहे, काचेची पेटी आहे. मला काळजी आहे ती बाकीच्यांची. अचलपूर, बाळापूर, अकोट, अंजनगाव, कारंजा, या गावांतल्या जुन्या घरांत आजही तलवारी आहेत. काही देशमुखांच्या, काही जहागीरदारांच्या, काही साध्या शिपायाच्या. असणारच. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दोअमली होती, एकाच गावात दोघांचा वसूल चालायचा, आणि वसूल म्हटला की हत्यारबंद माणसं आली. २९ नोव्हेंबर १८०३ ला आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावच्या मैदानात वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला, महिनाअखेर सुर्जी-अंजनगावचा. त्या महिन्याभरात या पट्ट्यात किती हत्यारं इकडची तिकडे झाली असतील याचा हिशेब कोण ठेवणार! पुढे इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि उरलेली पाती माळ्यावर गेली.

तिथे त्यांना गंज लागला तो लागला. पण गंजाने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं गेल्या वीसेक वर्षांत माणसांनी केलं आहे, आणि ते दोन उलट्या कारणांनी.

पहिलं कारण अभिमान. एका तालुक्याच्या गावी एका ओळखीच्या घरी मला तलवार दाखवायला बोलावलं होतं. हौसेने काढली. स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती. वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडर मारून आणली होती. पात्याच्या पाठीची कड गोल झालेली, खोबणी जवळजवळ बुजलेली, परजेवर नक्षीच्या नुसत्या खुणा. मालक खुशीत म्हणाले, “सर, आता नवी वाटते ना?” मी काय बोलणार? नवीच वाटत होती. दोनशे वर्षांची वस्तू नवी वाटायला लागली याचा अर्थ ती दोनशे वर्षं कोणीतरी खरवडून टाकली. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून पोलीस ठाण्यात जाणारी जी पोरं आहेत, त्यांना हीच लखलख हवी असते. त्यासाठी बाजारात नव्या बनावटीच्या तलवारी मिळतात, आजोबांची कशाला?

दुसरं कारण भीती. हे आपल्या मोहल्ल्यांत जास्त आहे आणि त्याबद्दल आपण उघडपणे बोलत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत आणि २०२३ च्या मे महिन्यात अकोल्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अशा दिवसांनंतर ज्या घरात जुनं पातं आहे त्या घरातल्या आईला झोप लागत नाही. मुलाचं नाव कशात आलं तर? झडतीत ही निघाली तर? मग एके रात्री ती विहिरीत जाते, किंवा चार तुकडे होऊन भंगारात. मूठ वितळते, म्यान चुलीत जातं. ज्या आजोबांनी ती आणली त्यांचं नाव, ते कोणाच्या चाकरीत होते, कुठे लढले, हे सांगणारी घरातली एकमेव वस्तू संपते. मग आपणच तक्रार करतो की या मातीच्या इतिहासात आमचा उल्लेख नाही. उल्लेख होता भाऊ, तो विहिरीत टाकला.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यावर विहीर हा उपाय नाही. त्याकडे पुढे येतो. आधी पात्याचं पाहू.

शिकलगार हा शब्द तुम्हाला माहीत असेल. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे हे आडनाव घेतलेली मुसलमान कुटुंबं पुष्कळ आहेत. मूळ अरबी सैकल, म्हणजे घासून उजळणं. सैकल करणारा तो सैकलगर, त्याचा मराठी जिभेवर झाला शिकलगार. जुन्या काळी आरसेही धातूचे असत आणि त्यांनाही सैकल लागे. म्हणून सूफींच्या बोलण्यात दिल साफ करण्याला हाच शब्द आला. मला या धंद्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. चांगला शिकलगार घासायच्या आधी पाहत बसतो. हे पातं कशाचं आहे, गंज कुठवर गेला आहे, खाली काय आहे. आमच्याकडे धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला एकदा सांगितलं होतं, “याले घासू नका सर. तेल सोडा अन् वाट पाहा. जे सुटाचं ते सुटते.” संग्रहालयातले जाणकारही याहून वेगळं काही सांगत नाहीत, फक्त लांबलचक सांगतात.

गंज दोन प्रकारचा असतो हे आधी ओळखावं. लाल-नारिंगी, बोटाला भुकटी लागते, तो जिवंत गंज. तो पातं खात असतो. आणि काळपट, घट्ट, गुळगुळीत बसलेला थर. तो बहुतेक वेळा आतल्या लोखंडाचं रक्षणच करत असतो. काढायचा तो लाल. काळ्याला हात लावायचं कारण नाही. शिलाई मशीनचं पातळ तेल लावून एकदोन दिवस ठेवावं, मग लाकडाच्या किंवा पितळेच्या बोथट पट्टीने हळूहळू सोलावं, फारच चिकट असेल तिथे सगळ्यात बारीक जातीची स्टीलवूल तेलात भिजवून. घासायचं ते पात्याच्या लांबीत, आडवं नाही. चिंच, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड, भांड्यांची पावडर, पितळ उजळायचं पॉलिश, यातलं काहीही नको. ॲसिडने गंज जातो हे खरं, पण ते पात्याच्या छिद्रांत राहतं आणि आठवड्याभरात दुप्पट गंज परत आणतं. शेवटी स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडं करून, मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. उघड्या हाताने पातं धरू नये. बोटांच्या घामात मीठ असतं आणि महिन्याभराने तुमच्याच बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात. हे मी स्वतः पाहिलं आहे, एखाद्या पंचनाम्यासारखे स्वच्छ ठसे.

एवढ्या सावकाशीचं कारण आहे. जुन्या पोलादी पात्यांवर कधीकधी पाण्याच्या लहरींसारखी, रेशमाच्या झाकेसारखी नक्षी असते. तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते, पोलादाच्या पोटातूनच येते. मुशीत वितळवून सावकाश थंड केलेल्या, कर्बाचं प्रमाण जास्त असलेल्या पोलादात ती तयार होते आणि सौम्य आम्लाने उजळल्यावर दिसू लागते. असं पोलाद तेलंगणात आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला होत असे आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी तिथवर येत. वऱ्हाडही निजामाच्याच मुलखात होतं, त्यामुळे असं पातं आपल्याकडे निघणं अजिबात अशक्य नाही. ग्राइंडर त्यावरून फिरला की जौहर दिसेनासा होतो, आणि पातं तापलं तर तो कायमचाही जाऊ शकतो.

मुठीचं एक सांगायला हवं. आपल्याकडच्या लोखंडी मुठीत पात्याचा शेपटा लाखेच्या मसाल्याने बसवलेला असतो. मूठ हलते म्हणून कोणी गॅसवर तापवते, कोणी वेल्डिंगचा टाका मारते. दोन्हीने मसाला जळतो आणि कोफ्तगिरी असेल तर तीही उडते, कारण कोफ्तगिरीत सोन्याची नाहीतर चांदीची तार लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा पाडून त्यांत नुसती ठोकलेली असते. मुलाम्यापेक्षा जाड, पण तापाला आणि घासण्याला तितकीच कमजोर. मूठ हलत असेल तर हलू द्यावी. तिने आता कोणाशी लढायचं नाही.

आता म्यान. लोक तलवारीवर जीव टाकतात आणि म्यानाला कचरा समजतात. मला विचाराल तर जुन्या म्यानात तलवारीपेक्षा जास्त घर असतं. म्यान म्हणजे हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या, आतून पात्याच्या आकाराच्या कोरलेल्या, सरसाने जोडलेल्या, वरून चामडं किंवा मखमल. तोंडाशी धातूची मोहनाल, टोकाशी तहनाल. पातं शंभर वर्षांत बदलत नाही, पण म्यान दर पिढीला थोडंथोडं बदलतं. शिवण उसवते, कापड झिजतं, भुंगा लागतो, कोणीतरी दुरुस्त करतं.

अचलपूरच्या एका घरातलं म्यान आम्ही तिघांनी मिळून दोन सुट्ट्यांत सोडवलं. एक सुतारकाम करणारे चाचा, घरातली नात आणि मी. वरची मखमल हिरवी होती आणि तिच्यावरची टीप शिलाई मशीनची. म्हणजे ती विसाव्या शतकात कोणीतरी चढवलेली. खाली विटलेलं तांबडं कापड निघालं, हातशिलाईचं, टाके कसे अगदी एकसारखे. त्याच्याखाली चामडं, जागोजागी कडक होऊन फुटलेलं. लाकूड खालच्या टोकाला भुंग्याने पार पोकळ केलं होतं. तहनाल काढली तर मूठभर पीठ पडलं. आमच्यात वाद झाला. घरच्यांचं म्हणणं, वरची मखमल काढून टाका, ती जुनी नाही, खरं काय ते ठेवा. चाचा म्हणाले, सगळंच सागवानात नवं करून देतो, मेळघाटचं लाकूड, तीन पिढ्या हलणार नाही.

मी दोन्हीला विरोध केला. मशीनची टीप म्हणजे काय? १९४० किंवा ५० च्या आसपास या घरात कोणीतरी, बहुधा बाईने, जुन्या म्यानाला नवं कापड शिवावंसं वाटलं एवढी त्या वस्तूची काळजी केली. तलवारीचा काळ संपून गेल्यावरची ही शिवण आहे. ती ‘खरी’ नाही कशी? गाविलगडाच्या काळातली हातशिलाई खरी आणि आपल्या आजीची मशीनची टीप खोटी, हा न्याय मला मान्य नाही. इतिहास कधी थांबला हे ठरवून त्यानंतरचं सगळं सोलून काढायची जी सवय आपल्या देशात वाढते आहे, तिची सुरुवात अशा छोट्या गोष्टींतूनच होते. आधी मखमल उसवायची, मग भिंत, मग गावाचं नाव.

शेवटी एवढंच केलं. लाकडातला भुंगा मारण्यासाठी म्यान हवाबंद पिशवीत बांधून दोन आठवडे खोल फ्रीजरमध्ये ठेवलं (आईस्क्रीमवाल्या एका मित्राची मेहेरबानी). चामड्याला तडे होते, त्यामुळे बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण दिवसभर तशीच राहू दिली. पोकळ टोकाला तशाच हलक्या लाकडाचा छोटा तुकडा बसवला, तोही सरसाने. फेविकॉल किंवा एम-सील नाही, कारण सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. उद्या आमच्याहून शहाणं कोणी भेटलं तर त्याला आमचं काम काढता आलं पाहिजे. चामडं, तांबडं कापड, हिरवी मखमल, तिन्ही जागेवर. मखमलीची उसवलेली बाजू नातीने हाताने टाचली. कुठला तुकडा नवा, कुठली शिवण नवी, हे तिने एका कागदावर तारीख घालून लिहिलं. चाचा नाराज होते. त्यांना सागवानाचं म्यान करायचंच होतं, आणि त्यांनी केलं असतं तर देखणंच केलं असतं. मी म्हटलं, करा की, पण वेगळं करा, जुन्याला सुटी द्या.

आणि हो, एवढं सगळं केल्यावर तलवार त्या म्यानात परत घातली नाही. जुनं चामडं आणि लाकूड आम्ल सोडतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि आत बंद झालेलं पातं कोणाला दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड आकसतं. जुलैत तेच लाकूड फुगतं. मग दसऱ्याला तलवार निघत नाही म्हणून जोर लावतात आणि म्यान उभं चिरतं. दोन्ही वेगवेगळ्या सुती कापडांत, शेजारी शेजारी ठेवावीत. नवरा-बायकोच्या जुन्या भांडणात कधीकधी हाच तोडगा निघतो.

आता कायदा, कारण भीती त्याचीच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर वगैरे धारदार हत्यारं शस्त्रांत धरली आहेत. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं वगळली आहेत. ज्या भागात सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तिथे अशी वस्तू बाळगायला परवाना लागतो. दुसरीकडे, १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकाच तलवारीकडे कायदा दोन डोळ्यांनी पाहतो, एक शस्त्राचा आणि एक वारशाचा. आपण त्याला पहिलाच डोळा दाखवत राहिलो तर दोष कोणाचा?

माझा सल्ला साधा आहे. तलवारीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. लांबी, वजन, पाठीवर काही लिहिलं असेल तर तेही उतरवून घ्या. घरात कोणाकडून कोणाकडे आली हे वयस्कर माणसांकडून ऐकून लिहा आणि त्यांची सही घ्या. मग एखाद्या चांगल्या वकिलाला दाखवून पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. घरात ठेवायची हिंमत नसेल तर संग्रहालयाला द्या. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. देताना घराण्याचं नाव कागदावर यायलाच हवं असा आग्रह धरा. आणि काहीही झालं तरी ती मिरवणुकीत नेऊ नका, ना जुलूसमध्ये ना शोभायात्रेत. स्टेटसला फोटोही नको. ज्यांना तलवारबाजी शिकायची आहे त्यांच्यासाठी अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे.

हे सगळं वाचून काही जण म्हणतील, सर, मोहल्ल्यात दवाखाना नाही, मुलींच्या शाळेला भिंत नाही, आणि तुम्ही गंजक्या तलवारीचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण इयत्ता नववीच्या वर्गात मी जेव्हा विचारतो की तुमच्या गावचा इतिहास सांगा, तेव्हा माझी उर्दू माध्यमाची पोरं खाली मान घालतात. त्यांना वाटतं इतिहास दुसऱ्यांचा असतो आणि आपल्यावर फक्त आरोप असतात. त्या अचलपूरच्या नातीने मात्र मागच्या सत्रात वर्गात उभं राहून मोहनाल आणि तहनाल म्हणजे काय ते सांगितलं, हिरव्या मखमलीवरच्या मशीनच्या टिपेबद्दल सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लगेच विचारलं, “मग ती मशीन कुठाय?” घरात शोधली. कोठीच्या खोलीत निघाली, पायटा तुटलेली.

तर तुमच्या माळ्यावर काही असेल तर खाली काढा. घासू नका, विकू नका, विहिरीकडे तर अजिबात पाहू नका. आधी फोटो, मग तेल. मेणाचा हात मृग लागायच्या आत द्या, एखाद्या कोरड्या सकाळी. एकदा हवेत ओल आली की ती मेणाखालीच अडकून बसते.